लँड्सबर्गची कारागीर शाळा: काम नको म्हणणाऱ्या माणसांचं प्रकरण

सप्टेंबर १९४५ मध्ये अमेरिकन लष्करातल्या आयर्व्हिंग हेमोंट नावाच्या एका तरुण मेजरकडे जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातल्या लँड्सबर्ग या गावची विस्थापितांची छावणी सोपवण्यात आली. जर्मन सैन्याच्या जुन्या बराकी, त्यात पाच-सहा हजार माणसं कोंबलेली, त्यातली बहुतेक छळछावण्यांतून जिवंत सुटलेली ज्यू मंडळी. संडास तुंबलेले, खोल्यांत केरकचरा, आणि कामाला बोलावलं तर माणसं येत नाहीत. हेमोंट बायकोला जवळजवळ रोज पत्र लिहायचा. ती पत्रं पुढे प्रसिद्ध झाली. त्यांत या माणसांबद्दलची कणव आहे, आणि चिडचिडही भरपूर आहे. आपण यांना सोडवलं, खायला घालतो, आणि हे स्वतःच्या खोलीचा केरसुद्धा काढत नाहीत, असा त्याचा सुरुवातीचा सूर. तो स्वतः ज्यू होता, पण छावणीत त्याने ते कुणाला कळू दिलं नाही.

काही महिन्यांतच त्याच छावणीत सुतारकाम, शिवणकाम, मोटार दुरुस्ती, रेडिओ दुरुस्ती असे वर्ग भरू लागले होते. शिकणारे तेच, शिकवणारेही बहुतांशी त्यांच्यातलेच. समाजाने आपल्याच माणसांसाठी चालवलेल्या रोजगार-प्रशिक्षणाचा विषय निघाला की मला लँड्सबर्ग आधी आठवतं. मधल्या काळात काय झालं, ते जरा खोलात जाऊन बघू.

काम का नको होतं

हेमोंटला जो आळस वाटत होता त्याचं मूळ त्याच गावाच्या शिवारात होतं. लँड्सबर्ग आणि काउफेरिंगच्या परिसरात दाखाउ या मोठ्या नाझी छळछावणीच्या अखत्यारीतल्या अकरा छावण्या होत्या. तिथल्या कैद्यांकडून विमानांच्या कारखान्यांसाठी प्रचंड भुयारी बंकर बांधून घेतले जात. पोटात अन्न नाही आणि पाठीवर सिमेंटच्या गोणी, असं ते काम. जो खाली बसला तो संपला. या छावण्यांतून सुमारे तीस हजार कैदी गेले, हजारो तिथेच मेले. अमेरिकन सैन्य पोचलं ते २७ एप्रिल १९४५ला.

अशा ठिकाणी जगायचं तर एकच युक्ती: काम करताना दिसू एवढंच काम करायचं, होईल तेवढी ताकद वाचवायची. आपण सरकारी कचेरीतल्या बाबूला हसून म्हणतो ना, ‘पाट्या टाकतोय’. इथे पाट्या टाकणं हीच जगण्याची विद्या होती, आणि शत्रूचं काम बिघडवण्याचा तेवढाच काय तो मार्गही होता. तीन-चार वर्षं अंगात मुरलेली ही सवय सुटकेच्या दिवशी गणवेशासारखी उतरून ठेवता येत नाही.

शिवाय दुसरं कारण होतं, आणि ते अगदी तर्काला धरून होतं. काम करायचं म्हणजे कुणासाठी? छावणीच्या कुंपणाबाहेर जर्मन गाव होतं. रस्ते साफ करा, लाकूड तोडा, इमारती दुरुस्त करा, म्हणजे शेवटी जर्मनीच उभी करा. त्यांनी आमचं सगळं नेलं, आता झाडूही त्यांनीच मारावा, हे म्हणणं कुणाला उद्धट वाटेल. मला ते वाटत नाही. हेमोंटलाही पुढे पुढे ते उमगत गेलेलं पत्रांतून दिसतं.

तिसरी गोष्ट वयाची. म्हातारे आणि लहान मुलं छळछावणीच्या दारातच मारली गेली होती. उरले ते मुख्यतः अठरा ते चाळीस या वयातले. त्यातला वीस वर्षांचा पोरगा घ्या. युद्ध सुरू झालं तेव्हा तो चौदाचा. शाळा तिथेच सुटली, धंदा शिकायच्या वयात गुलामी केली, आणि ज्या बापाच्या किंवा काकाच्या हाताखाली तो शिंपी, चांभार, घड्याळजी झाला असता ते आता या जगात नाहीत. विद्या हातातून हातात जाते, आणि मधले हातच कापले गेले होते.

ऑर्ट ही संस्था

इथे ऑर्टबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तिच्याविना ही गोष्ट पुरी होत नाही. रशियातल्या ज्यूंमध्ये कारागिरी आणि शेतीकाम वाढवावं म्हणून ती १८८० मध्ये सेंट पीटर्सबर्गला स्थापन झाली. पुढाकार घेणाऱ्यांत प्राध्यापक निकोलाय बाक्स्ट, रेल्वेच्या कंत्राटांतून गब्बर झालेले सॅम्युएल पोल्याकोव्ह आणि बॅरन होरेस गिन्झबर्ग ही मंडळी होती. झारच्या राज्यात ज्यूंना पश्चिम सरहद्दीच्या ठरावीक प्रांतांबाहेर राहायला बंदी होती. १८६५च्या कायद्याने कुशल कारागिरांना मात्र त्यातून सूट मिळाली. म्हणजे हातात कसब असल्याचा दाखला असेल तर बाहेर पडता येई, नसेल तर त्याच दाटीवाटीच्या गरीब वस्त्यांत कुजायचं. धंदेशिक्षणाला परवान्याची किंमत असणं ही गोष्ट ऑर्टच्या जन्मापासूनच तिच्याबरोबर आहे. पुढे लँड्सबर्गमध्येही तीच कामी आली.

आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंची ओळखही धंद्यावरूनच पडली होती. घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून ‘शनिवार तेली’. पण तिथे कारागिरी पिढीजात होती. रशियात ती मुद्दाम शिकवावी लागली, आणि त्यासाठी संस्था काढावी लागली.

पहिल्या महायुद्धानंतर, १९२१ मध्ये, ऑर्टची जागतिक संघटना बर्लिनमध्ये झाली. पूर्व युरोपभर तिच्या शाळा होत्या. लिथुआनियातलं काम बघणारा माणूस म्हणजे याकोब ओलेइस्की.

ओलेइस्की आणि कोव्हनोची शाळा

ओलेइस्की शेतीशास्त्र शिकलेला. जर्मनांनी १९४१ मध्ये लिथुआनियातलं कोव्हनो शहर घेतल्यावर तिथल्या सुमारे तीस हजार ज्यूंना नदीपलीकडच्या एका वस्तीत कोंडलं, त्यात तोही होता. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला वस्तीतल्या सगळ्यांना मैदानात उभं करून निवड झाली आणि नऊ हजारांहून अधिक माणसं, त्यांत हजारो मुलं, ‘नववा किल्ला’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या किल्ल्यावर नेऊन मारली गेली. उरलेल्यांना एक गोष्ट पक्की कळली: जर्मनांच्या लेखी जो कामाचा, तोच काही दिवस जगणार.

म्हणून १९४२ मध्ये वस्तीत कारागिरी शिकवणारी शाळा निघाली. ओलेइस्की तिचा संचालक. त्या वर्षी ऑगस्टमध्ये जर्मनांनी वस्तीतल्या बाकीच्या शाळा बंद पाडल्या, पण ही चालू राहिली, कारण कागदोपत्री ती कामगार तयार करत होती. मग तिच्या आडून इतर शिक्षणही चालू ठेवलं गेलं. गाणं, नाटक, थोडा इतिहास. दरवाज्यावर सुतारशाळा, आत जमेल तेवढी शाळा.

किती मुलं यामुळे वाचली? मला वाटतं, हा प्रश्न विचारताना जपून राहायला हवं. १९४४च्या मार्चमध्ये दोन दिवसांत वस्तीतली मुलं आणि वृद्ध वेचून नेले गेले. हस्तकौशल्य शिकलेल्या पोरालाही वय आडवं आलंच. जुलैमध्ये वस्ती मोडली, बायकांना श्टुटहोफच्या छळछावणीकडे आणि पुरुषांना दाखाउकडे धाडलं. ओलेइस्की असा काउफेरिंगला आला.

लँड्सबर्गच्या बराकीत पोचलेल्या या माणसाकडे जागा, पैसा, हत्यारं यांतलं काही नव्हतं. पण शून्यातून कारागीर शाळा कशी उभी करायची आणि ती कशासाठी चालवायची, हे त्याच्या डोक्यात तयार होतं, कारण तो ते याहून वाईट परिस्थितीत करून चुकला होता. शिवाय तो एकटा नव्हता. छावणीतल्या रहिवाशांच्या समितीचा प्रमुख सॅम्युएल ग्रिनगाउझ, मेमेल शहरातला एकेकाळचा न्यायाधीश, हाही कोव्हनोच्या वस्तीतूनच आलेला. एकमेकांची पारख आधीच झालेली माणसं पुन्हा एका ठिकाणी आली होती. बाहेरची कुठलीही मदतसंस्था हे भांडवल पेटीत घालून आणू शकली नसती.

शाळा उभी राहिली ती अशी

ऑगस्ट १९४५ मध्ये ओलेइस्कीने छावणीतल्या लोकांपुढे भाषण केलं. रिकामं बसणं आपल्याला पोखरतंय, हाताला काम लागलं तरच मन ताळ्यावर येईल, आणि हे काम जर्मनांसाठी नसून आपल्या पुढच्या आयुष्यासाठी आहे, असा त्याचा मथितार्थ. शब्द प्रभावी होतेच, पण नुसत्या भाषणाने कुणी कानशीला हात लावत नाही. पुढच्या काही महिन्यांत जे घडलं त्यात तीन-चार गोष्टी एकदम जुळून आल्या.

अमेरिकेने अर्ल हॅरिसन या अधिकाऱ्याला छावण्यांची पाहणी करायला पाठवलं होतं. त्याचा अहवाल त्याच ऑगस्टात राष्ट्राध्यक्ष ट्रुमनकडे गेला आणि तो लष्कराला चांगलाच झोंबला. ज्यूंना त्यांच्याच छळकर्त्यांच्या देशबांधवांबरोबर एका कुंपणात ठेवू नका, वेगळं ठेवा, अशी त्यात मागणी होती. शरद ऋतूत लँड्सबर्ग पूर्णपणे ज्यूंची छावणी झाली. ऑक्टोबरमध्ये रहिवाशांनी मतदान करून आपली समिती निवडली. आपली शाळा, आपली समिती, आपलं वृत्तपत्र. आता ‘कुणासाठी काम’ या प्रश्नाला उत्तर देता येऊ लागलं.

त्या वृत्तपत्राचीच गंमत बघा. ‘लँड्सबर्गर लागर-त्सायटुंग’ ऑक्टोबर १९४५ मध्ये निघालं. भाषा यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची बोली, जी हिब्रू लिपीत लिहितात. पण साऱ्या परिसरात हिब्रू खिळे कुठून मिळणार? नाझींनी ते ठेवलेच नव्हते. म्हणून यिडिश मजकूर रोमन अक्षरांत, पोलिश वळणाच्या स्पेलिंगने छापला. वाचणाऱ्याला अडखळायला व्हायचं, पण अंक निघत राहिले.

शाळेचंही तसंच. शिकवायला पुस्तकं नाहीत, मोजपट्ट्या नाहीत, कापड नाही. लष्कराची ब्लँकेटं आणि जुने गणवेश उसवून त्यांवर कापणी शिकायची. शिवणयंत्रं आणि लेथ जर्मन कारखान्यांतून, गोदामांतून, लष्कराच्या चिठ्ठीने मिळवायची. संयुक्त राष्ट्रांच्या मदतसंस्थेचं पथक छावणीत होतंच. अमेरिकन ज्यूंची ‘जॉइंट’ ही मदतसंस्थाही येऊन पोचली. जिनिव्हा आणि न्यूयॉर्कहून ऑर्टची मध्यवर्ती यंत्रणा नीट हालली ती १९४६ मध्ये. तोवर लँड्सबर्गची शाळा चालू होऊन महिने झाले होते. इतिहास लिहिताना बहुतेकदा ‘ऑर्टने शाळा काढली’ असं एका वाक्यात येतं. खरं तर छळछावणीतून सुटलेल्या ऑर्टच्या एका जुन्या माणसाने ती काढली आणि ऑर्ट नंतर तिथे आली.

शिक्षक शोधणं सगळ्यात अवघड. पन्नाशीच्या पुढचे उस्ताद गेलेले. मग तिशीतला शिंपी, जो स्वतः फार तर चांगला कारागीर होता, त्यालाच मास्तर केलं. वर्गात लिथुआनियाचे, पोलंडचे, हंगेरीचे. हंगेरीकडच्या कित्येकांना यिडिश धड येत नसे. फळ्यावर समजावण्यापेक्षा हात धरून दाखवणं सोपं पडे, आणि धंदेशिक्षणात ते चालून जातं.

शिकणारे का आले? इथे मला भाबडेपणा टाळायचाय. काही जण खरोखर पेटून आले. पॅलेस्टाईनला जायचं ठरवलेल्या तरुणांच्या गटांना शेतीचं, बांधकामाचं ज्ञान हवंच होतं. आसपासच्या शेतांवर त्यांची वेगळी शिबिरं चालत. पण काही आले ते काम करणाऱ्याला आणि शिकणाऱ्याला मिळणाऱ्या जादा शिध्यासाठी. सिगारेटच्या पाकिटाला छावणीत नोटेची किंमत होती. काही आले कारण मैत्रीण शिवणवर्गाला जायची. मला यात काही वावगं वाटत नाही. माणूस कुठल्याही कारणाने सकाळी आठला उठून बाकावर येऊन बसला तर अर्धी लढाई झाली. उरलेली अर्धी मास्तरची.

प्रमाणपत्र

१९४६च्या उन्हाळ्यात सगळं चित्र पालटलं. ४ जुलैला पोलंडमधल्या किएल्त्से गावी ज्यूंची कत्तल झाली, बेचाळीस जण मारले गेले. युद्धात सोव्हिएत मुलखात राहून वाचलेली आणि नुकतीच पोलंडला परतलेली कुटुंबं घाबरून पुन्हा निघाली. अमेरिकन ताब्यातल्या जर्मनीत एक लाखाहून अधिक नवे लोक आले. आता छावण्यांत म्हाताऱ्या आज्या, नवरा-बायको, दूधपिती बाळं दिसू लागली. शाळेच्या दृष्टीने ही इष्टापत्ती, कारण यांच्यात अनुभवी कारागीर होते.

पण सगळ्यांचा प्रश्न एकच: पुढे कुठे? आणि इथे १८८० मधल्या रशियासारखीच वेळ आली. कसबाचा दाखला हा पुन्हा दार उघडणारा कागद ठरला. कॅनडाला कपड्यांच्या कारखान्यांसाठी शिंपी हवे होते. १९४७-४८ मध्ये तिथले कारखानदार आणि कामगार संघटनांचे लोक मिळून छावण्यांत आले, उमेदवारांना शिवायला लावून बघितलं आणि निवडून नेलं. अमेरिकेने १९४८ मध्ये विस्थापितांसाठी कायदा केला, त्यात शेतमजुरांना मोठा वाटा राखून ठेवला आणि कपडे शिवणाऱ्यांना, बांधकाम कामगारांना प्राधान्य दिलं. त्याच कायद्यात २२ डिसेंबर १९४५ ही अट घातली होती: त्या तारखेपर्यंत जे जर्मनी, ऑस्ट्रिया किंवा इटलीत पोचले होते त्यांनाच लाभ. म्हणजे किएल्त्सेनंतर आलेले बहुतेक ज्यू बाहेर. ही अट १९५० मध्ये सैल झाली. तोवर बऱ्याच जणांनी इस्रायलची वाट धरली होती.

तर काही महिन्यांच्या वर्गातून कितपत कारागीर घडतो? कसलेला तर नाहीच. काज-बटण करता येईल, सरळ शिवण मारता येईल, इंजिनाचे भाग ओळखता येतील. ज्याला न्यूयॉर्कच्या कपड्याच्या कारखान्यात एकाच प्रकारची शिवण दिवसभर मारायची होती त्याला तेवढं पुरे होतं. ज्याला गावात स्वतःचं दुकान थाटायचं होतं त्याला नव्हतं. रेडिओ आणि दातांच्या कवळ्या बनवण्याचे वर्ग जरा लांबीचे असत. तिथून बाहेर पडलेल्यांचा हात पक्का असण्याची शक्यता जास्त.

ज्याला शाळा पुरली नाही

लँड्सबर्गची गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथे थांबतात: कामाने माणसं सावरली. पण शाळा ऐन भरात असताना, २८ एप्रिल १९४६ला, सुटकेला वर्ष झालं त्याच सुमारास, जवळच्या शिबिरातली दोन मुलं जर्मनांनी पळवली अशी हूल उठली. छावणीतले लोक रस्त्यावर उतरले, जर्मनांना मारहाण झाली, आणि अमेरिकन लष्करी न्यायालयात रहिवाशांवरच खटला चालून शिक्षा झाल्या. दिवसा लेथवर हात स्थिर ठेवणाऱ्या माणसाच्या पोटातला जाळ लेथने विझलेला नव्हता. काळाबाजारही चालूच राहिला. ज्याला रात्रीत कॉफी आणि सिगारेटींतून पैसा सुटतो त्याने सहा महिने सुतारकाम का शिकावं, याचं चोख उत्तर शाळेकडे नव्हतं.

ओलेइस्की पुढे इस्रायलला गेला आणि तिथल्या ऑर्टचा कारभार त्याने सांभाळला. ग्रिनगाउझ अमेरिकेला गेला. लँड्सबर्गची छावणी ऑक्टोबर १९५०ला बंद झाली.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑर्ट मुंबईतही आली. बेने इस्रायल तोवर तेलाच्या घाण्यापासून केव्हाच लांब गेले होते. लष्कर, रेल्वे, गोदी, दवाखाने आणि कचेऱ्यांतल्या नोकऱ्यांत ते स्थिरावले होते. माझगावच्या एली कदुरी शाळेत, हाइम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ मध्ये सुरू केलेल्या ‘इस्रायलाइट’ शाळेच्या या पुढच्या रूपात, त्यांच्या पिढ्या शिकल्या. पण कारकुनी शिक्षण इस्रायलच्या कारखान्यांत फारसं चालत नव्हतं, आणि अनेक कुटुंबं तर तिकडेच निघाली होती. तेव्हा इथेही धंदेशिक्षण हाच उपाय निघाला. फरक एवढाच की मुंबईत कुणाच्या अंगावर कसली जखम नव्हती, काम नको म्हणणारं कुणी नव्हतं. त्यामुळे लँड्सबर्गचा धडा इथे जसाच्या तसा लावू नये असं मला वाटतं. इथे अडचण होती ती शिकून तयार झालेला माणूस निघून जाण्याची.

लँड्सबर्गजवळच्या सेंट ओटिलियन मठात ज्यूंचं रुग्णालय होतं, म्युनिकजवळ गाउटिंगला क्षयरोग्यांचं. तिथल्या माणसांना शिवणकामाचं प्रमाणपत्र मिळूनही उपयोग शून्य होता, कारण छातीच्या एक्स-रेवर डाग दिसला की बहुतेक देश दार लावून घेत. १९५० नंतर जे मागे राहिले त्यांत असे आजारी, अपंग, म्हातारे जास्त होते. त्यांना फेरेनवाल्डच्या छावणीत एकत्र आणलं. ती शेवटची ज्यू छावणी फेब्रुवारी १९५७ मध्ये बंद झाली, म्हणजे सुटकेनंतर बारा वर्षांनी. त्यांच्यासाठी लागत होते ते डॉक्टर, निवृत्तिवेतन, भरपाईचे अर्ज भरून देणारा वकील आणि रोज येऊन बसणारं कुणीतरी. हे काम ‘जॉइंट’ने आणि शेवटी जर्मन सरकारने केलं. शाळेच्या गोष्टीत त्यांची नावं येत नाहीत, कारण ते शाळेत कधी नव्हतेच.